फराळ ‘जाळायचा’ कशाला?

रानवाट
वसुबारस झाली नाही तोच आमच्या पुण्यातल्या बायकांच्या पळापळीच्या ग्रुपवर दरवर्षीचा मेसेज आला: ‘चार चकल्या = वेताळ टेकडीच्या दोन फेऱ्या. फराळ जाळायला रविवारी या!’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मला हसू नाही आलं.

सात वर्षं डोंगरात पळतेय. पहिली तीन मीही असाच हिशोब ठेवायचे. एका लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी हातावर ठेवलेला अनारसा ‘नंतर खाते’ म्हणत पर्समध्ये सरकवला. भाऊबीजेला त्याचा चुरा निघाला, खसखस पार किल्ल्यांच्या जुडग्यात. त्याच हिवाळ्यात 25 किमीच्या एका शर्यतीत सतराव्या किलोमीटरला पाय संपले. चढ नव्हता, साधी पाणंद होती. बांधावर बसून रडले. एका आजींनी गूळ-शेंगदाणे दिले, म्हणून शेवटपर्यंत पोचले.

स्नायू आणि यकृत मिळून साठवण साधारण 400-500 ग्रॅम कर्बोदकांची. जोरात पळालं की दोनेक तासांत तळ दिसायला लागतो. ती साठवण भरायची सोडून आपण सणाच्या चार दिवसांत उपाशी राहून वर जास्त पळतो. आणि हे ‘जाळणं’ पुरुषांच्या ग्रुपवर मला तरी कधी दिसलं नाही. ते गडावर जाऊन पिठलं-भाकरी, भजी, मडक्यातलं दही हाणून येतात आणि फोटो टाकतात.

घाटवळण
भावना पोचल्या, पण फराळाला इंधन म्हणू नकोस गं. चकली, शेव, करंजी सगळं तळण. तेल-तूप पोटातून हलायलाच वेळ घेतं. गेल्या पाडव्याला वाटीभर चिवडा आणि दोन चकल्या खाऊन आतकरवाडीतून सिंहगड चढायला घेतला. निम्म्या वाटेपर्यंत ढेकरांतून लसूण, त्यापुढे काय झालं ते सांगत नाही.

आणि चढावर वजन लागतं, हे कुणीतरी बोलायला हवं. डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा आहे, मॅरेथॉनहून लांब डोंगरी शर्यत. दिवाळीत चढलेला किलो तोवर उतरवायचा तर आत्ताच तोंड आवरावं लागतं. मला ‘नको’ म्हणायचाही हक्क आहे की नाही? ‘एकानं काय होतंय’ ही आपल्याकडची सगळ्यात गोड जबरदस्ती.

गणितातली_काकू
किलोचा हिशोब करूनच टाकू. एक किलो 600 मीटर वर न्यायला जवळपास 6 किलोज्यूल काम. शरीर त्यातलं बरंच उष्णतेत घालवतं, म्हणून खर्च चौपट धरा. तरी सहाएक कॅलरी. शंकरपाळ्याचा अर्धा तुकडा!

घाटवळण
काकू, कॅलरी नाही, घड्याळ बघा. साठ किलोच्या बाईला एक किलो म्हणजे साठातला एक भाग. तासाभराच्या चढाला मिनिट गेलं. माझा नंबर मागच्या वेळी चाळीस सेकंदांनी हुकलाय.

गणितातली_काकू
हे मान्य. पण नंबरात येणाऱ्या आपल्यात किती? मी वेळेत परतले तरी पेढे वाटते.

हाडवैद्य_नाही_फिजिओ
माझ्याकडे येणाऱ्या पळणाऱ्या मुलींना मी आधी गुडघा नाही, पाळी विचारते. ‘चार महिने नाही, पण बरंच झालं, शर्यतीत कटकट नाही’ हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय. ते बरं नाही. खर्चाच्या मानानं खाणं सतत कमी पडलं की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं ठिसूळ होतात, नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटानं 2014 साली याला रेड-एस असं नाव दिलं. पुरुषांनाही होतं, पण त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसते.

घाटवळण, तळण खाऊन चढू नये हे शंभर टक्के बरोबर. पळायच्या आधी पोहे, केळं, गूळपोळी. चकली घरी आल्यावर, आंघोळ करून. पण किलो उतरवायला दिवाळीच का? वर्षभर नीट जेवणारीला चार दिवसांनी काही होत नाही, आणि वर्षभर अर्धपोटी राहणारीला चार दिवस वाचवतही नाहीत.

मधुमेही_पळपुटा
बायकांच्या चर्चेत नाक खुपसतोय. ज्यांना साखर आहे त्यांनी यातलं काही मनावर घेऊ नका, आपापल्या डॉक्टरांना विचारा. पळतो म्हणून लाडू माफ, असं मीही समजत होतो.

सोऱ्या_हातात
सगळ्या खाण्यावर भांडताय. करतं कोण? अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, दळा, गूळ घालून मुरवा. भाजणी भाजा. मोहन चुकलं की चकली एक तर तेलात विरघळते, नाहीतर दात पाडते. धनत्रयोदशीच्या आठवड्यात माझं एकही लांब पळणं झालं नाही. फराळ आड आला नाही, तो तळायला पाच तास उभी होते म्हणून. नरकचतुर्दशीला पहाटे टेकडीवर जाते म्हटलं तर ‘उटणं कोण लावणार?’ यंदा करंज्या बचत गटाच्या बायकांकडून आणल्या. घरी दोन दिवस तोंडं वाकडी होती. करंज्या मात्र संपल्या.

रानवाट
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझे अनारसे अजून सासूबाईच करतात, आणि मी इथे ‘मनसोक्त खा’ म्हणून भाषण ठोकतेय.

घाटवळण
तो ‘जाळायला या’ मेसेज मीच टाकला होता, सांगून टाकते. काढलाय. वजनाबद्दल मात्र माझं मत तेच आहे, आणि डिसेंबरपर्यंत चकली नाही म्हणजे नाही. आग्रह करायचा नाही.

रानवाट
नाही करणार. रविवारी पहाटे साडेपाच, वेताळ टेकडीला एआरएआय संस्थेच्या बाजूनं. डबा गाडीत ठेवते, खाली उतरल्यावर उघडू.

सोऱ्या_हातात
मी येते. नवरा उठून चहा करणार आहे, बघू.

घाटवळण
डब्यात अनारसे आहेत का? अनारशाबद्दल मी काही बोलले नव्हते.