डी.फार्म.नंतर पुढं काय शिकू? मेडिकल चालू ठेवून जमेल असं सांगा (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, गंगावेशीजवळ माझं छोटं मेडिकल आहे. २०१२ ला डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) केलं, तेव्हापासून काउंटरवरच. आता पुढं काय शिकावं ते ठरंना झालंय, जरा लांबड लागेल पण वाचा.

मागच्या आठवड्यात गल्लीतली एक आजी आली, म्हणाली बाळा, अंथरुणातनं उठलं की गरगरतंय, पित्ताची गोळी दे. म्हटलं आजी, पिशवी दाखवा. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या, दोन कंपन्यांच्या स्ट्रिपा, एक निळी एक तांबडी, आणि मागं बारीक अक्षरात दोन्हीवर टेल्मिसार्टन ४०, म्हणजे बी.पी.ची एकच गोळी. रोज दोन्ही घेत होती! तिच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एक बंद करायला सांगितली. तोवर मागं पाच गिऱ्हाईकं, "आटप की भावा" चाललेलं. पण त्यातली तांबडी दोन महिने मीच देत होतो आणि दुसरं काय चालू आहे असं एकदाही विचारलं नव्हतं, ते काही मनातनं जाईना.

आम्हाला १९९१ चा सिलॅबस होता, मिक्श्चर आणि इमल्शन घोटण्यात वर्ष गेलं. आता माझ्याकडं ५०० तासांच्या ट्रेनिंगला पोरगा येतो, त्याला नव्या सिलॅबसला कम्युनिटी फार्मसी आहे, पेशंटशी कसं बोलायचं याचं प्रॅक्टिकल आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशननं काउन्सेलिंग (पेशंटला औषध समजावून सांगणं) हे आपलं कामच ठरवलंय, नुसतं एच१ चं (ठरावीक औषधांच्या विक्रीची नोंद ठेवायचं) रजिस्टर भरून भागत नाही.

लॅटरलनं (थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन) बी.फार्म. म्हणजे तीन वर्षं रोज कॉलेज, तेवढे दिवस दुकानात रजिस्टर्ड माणूस ठेवायला परवडत नाही. फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) सहा वर्षांचं. मग चार वर्षं अनुभव असलेल्यांसाठी दोन वर्षांचा बी.फार्म. प्रॅक्टिस आहे तो कुणी केलाय का? कोल्हापूर-सांगलीकडं कुठं चालतो? शिकवतात का नुसता कागद मिळतो?

प्रतिसाद:
दादा, मी फार्म.डी. केलंय, वॉर्डात डॉक्टरांबरोबर राउंडला जायचो तिथंच खरं शिकलो. तुमच्यासाठी प्रॅक्टिसचाच कोर्स बरोबर वाटतो, पण फी भरायच्या आधी त्या कॉलेजला त्याच कोर्सची पीसीआयची (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यता आहे का ते बघा. तोवर जुन्या पेशंटची वही घाला, चालू औषधं ब्रँडनं नको, सॉल्टच्या (आतल्या मूळ औषधाच्या) नावानं लिहा, शुगर-किडनी-अ‍ॅलर्जी पण. आणि कुठल्या औषधाचा त्रास दिसला तर १८००-१८०-३०२४ या औषधांच्या दुष्परिणामांच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा, फार्मासिस्टलाही कळवता येतं.

धागाकर्ता:
वहीचं पटलं सर, आजपासनंच घालतो. कोर्सचं मात्र इकडचं कुणाला माहीत असेल तर सांगा, गर्दी दुपारी कमी असते तेव्हा बघतो.