आंबा घाटात लेकाला हमखास गाडी लागते, काय करू?

देवरुखची_आई:
आम्ही दर दोन महिन्यांनी एसटीने देवरुखहून कोल्हापूरला माहेरी जातो. साखरप्यापर्यंत लेक (वय ६) मस्त असतो, बडबड चालू असते, पण आंबा घाटाची वळणं सुरू झाली की गप्प होतो, ओठ पांढरे पडतात आणि मग मी पिशवी काढायच्या आत माझ्या साडीवर. मागच्या वेळी घाटाच्या पायथ्याशी गोळी दिली, काही उपयोग नाही, ती पण उलटीत गेली. आता परत जायचंय.

चिपळूणकर७७:
ताई गोळी उशिरा दिलीत. गाडी लागायला लागली की पोटातलं पुढे सरकतच नाही मग गोळी अंगात उतरणार कुठून? निघायच्या निदान तासभर आधी द्यायची असते. गाडी लागण्यावरची अव्होमिन गोळी म्हणजे प्रोमेथाझिन हे औषध, २ वर्षांखालच्या पोरांना देत नाहीत, आणि तुमच्या लेकाला किती द्यायची ते डॉक्टरनाच विचारा, अंदाजाने अर्धी-पाव करू नका. झोप येते त्याने, ते चांगलंच म्हणा.

लाल_डबा_प्रेमी:
मुळात पोराला बाहेरचं दिसतंय का ते बघा. सहा वर्षांचं पोर सीटवर बसलं की समोर फक्त पुढच्या सीटची पाठ. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं गाडी वळतेय आणि डोळे सांगतात सगळं जागच्या जागी आहे, दोघांचं जुळेना की मळमळ. ड्रायव्हरला गाडी लागत नाही ती त्यामुळेच, वळण यायच्या आधीच त्याला दिसलेलं असतं. पोराच्या बुडाखाली चादरीची घडी घाला, लांबचा डोंगर बघायला लावा. मोबाईलवर कार्टून अजिबात नाही, आणि मागच्या चाकावरची सीट तर फुकट दिली तरी नको.

मालवणी_माणूस:
माजी आवस म्हणायची, पेपराची घडी करून त्याच्यार बस, गाडी लागाची नाय. मी बसलंय आणि त्याच पेपरात ओकलंय.

चिपळूणकर७७:
@मालवणी_माणूस 😂 म्हणजे पेपर कामाला आला की!
ताई, रिकाम्या पोटी नेऊ नका आणि स्टँडवरचा वडापाव पण नको, घरनं थोडी पेज नाहीतर भाकरी खाऊन निघा. आलेपाकाची वडी चघळायला द्या, काहींना आल्याने बरं वाटतं. खिडकी उघडी ठेवा, शेजारी कुणी सुक्या बांगड्याची पिशवी घेऊन बसलं तर जागा बदला, लाजू नका.

देवरुखची_आई:
थँक्यू सगळ्यांना. रिझर्वेशन केलंय, ड्रायव्हरच्या बरोब्बर मागची सीट मिळाली.

लाल_डबा_प्रेमी:
अहो ती नको! ड्रायव्हरच्या मागे पार्टिशन असतं, पोराला पत्र्याशिवाय काही दिसणार नाही. कंडक्टरला सांगून दाराच्या बाजूची दुसरी-तिसरी रांग बघा, तिथून समोरची काच दिसते. आणि पिशवी आधीच हातात धरा, पर्समध्ये नको.