दिव्यांगत्वाला ४० टक्क्यांची चाळणी कशाला?

एकाक्ष :
माझा उजवा डोळा गेलाय, डावा ६/६. प्रमाणपत्रावर ३० टक्के आले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आरक्षणाला किमान ४० लागतात, म्हणजे मी धड डोळस नाही की दिव्यांग नाही. पेल्यात पाणी ओतताना धार बाहेर पडते, जिन्याची शेवटची पायरी चुकते. हे कुठल्या तक्त्यात बसवायचं?

सरळरेषा :
वाईट वाटलं, पण रेष कुठेतरी ओढावीच लागते. सरकारी नोकरीत सगळं मिळून ४ टक्के आरक्षण. त्यात तुम्हीही आलात तर दोन्ही डोळे गेलेल्यानं कुठे जायचं?

हिशेबनीस :
एकाक्ष, कान तपासून घ्या. थट्टा नाही. दोन व्यंगं असली तर सरळ बेरीज होत नाही, डोळ्याचे ३० आणि समजा कानाचे २० मिळून ५० नव्हेत. ९०मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणून ९०नं भागायचं आणि ते मोठ्यात मिळवायचं. आले ४३च्या आसपास. रेष पार!

भाच्याचा मामा :
१९९५च्या कायद्यात ७ प्रकार होते, आता २१. भाच्याचा हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, त्यात आला तेव्हा आम्ही पेढे वाटले. मग कळलं, नोकरीच्या त्या ४ टक्क्यांत रक्ताचे आजार धरलेलेच नाहीत. भाचा आज धडधाकट दिसतो, उद्या गुडघ्यात रक्त उतरलं की आठवडाभर अंथरुणात. कोणता साहेब त्याला ठेवून घेईल?

सरळरेषा :
आजार वेगळा, दिव्यांगत्व वेगळं. डायलिसिसवरचा माणूसही २१मध्ये नाही. कॅन्सर, पक्षाघात अशा दुर्धर आजारांनी कमाई थांबलेल्या गरिबांसाठी महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना आहेच की.

एकाक्ष :
आजाराचं नाव कशाला बघता? माणसाला काय जमत नाही ते बघा. मानसिक आजाराची आयडियाज मोजपट्टी तेच करते : स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद, काम. डोळ्यानं काय घोडं मारलंय? आणि २०२१मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं, परीक्षेत उत्तरं लिहून देणारा लेखनिक मिळायला ४० टक्क्यांची अट नको.

सरळरेषा :
तो लेखनिक झाला, जागा नव्हे. लेखनिक द्या, जादा वेळ द्या, मी कुठे नको म्हणतोय? जागा मोजक्याच आहेत.

एकाक्ष :
मग सोयी आणि जागा वेगवेगळ्या मोजा एवढंच म्हणणं आहे. सोय मागायला गेलं तरी खिडकीवरचा माणूस आधी ‘४० आहेत का?’ विचारतो.
बाकी हिशेबनीसांनी डोक्यात किडा सोडलाय. परवा कान दाखवून येतो.