बँकॉकमध्ये 21 तास, हाँगकाँगमध्ये 12 तास: एकट्या प्रवाशाने काय पाहावे आणि काय सोडावे?

फिरस्ती (प्रश्न)
तोक्योच्या प्रवासात मला जाताना बँकॉक आणि परतताना हाँगकाँग असे दोन थांबे मिळत आहेत. बँकॉकला दुपारी 1 वाजता पोहोचून दुसऱ्या दिवशी सकाळी 10 वाजता पुढचे विमान आहे; हाँगकाँगला सकाळी 7 ते संध्याकाळी 7 एवढा वेळ आहे. विमानतळावर बसून राहायचे नाही हे ठरले आहे, परंतु दोन्ही शहरांच्या ‘अवश्य पाहावे’ अशा याद्या वाचून जीव दडपतो. मी एकटी असेन आणि शाकाहारी आहे. रात्री बाहेर फिरणे, एकटीने जेवायला बसणे आणि सामान सांभाळणे या तिन्ही गोष्टींची थोडी धास्ती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नावाडी
बँकॉकपुरते सांगतो. आपल्याकडे 21 तास असले तरी शहर पाहायला त्यातले सहा-सात तासच मिळतील, कारण उतरल्यानंतरचा सव्वा-दीड तास, रात्रीची झोप आणि सकाळचे परतणे यांत उरलेले संपतात. त्यामुळे आधी राजवाडा यादीतून काढून टाका. तेथील तिकीटविक्री दुपारी साडेतीनला बंद होते आणि तोवर आपण नुकत्याच शहरात शिरत असाल. तरंगत्या बाजारांचाही विचार करू नका, ते सकाळचे काम आहे.

मुक्काम याओवारात, म्हणजे चिनी वस्तीत करावा असे मी आग्रहाने सुचवेन. सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासनला उतरायचे, पादचारी पुलावरून पेचबुरी या मेट्रो स्थानकात जायचे आणि निळ्या मार्गाने थेट याओवारातले वाट मांगकोन स्थानक गाठायचे. संध्याकाळच्या वाहतूककोंडीत टॅक्सीत अडकण्यापेक्षा हे केव्हाही बरे. खोलीत बॅग टाकून त्याच मेट्रोने दोन स्थानके पुढे सनाम चाई येथे उतरा. तेथून वाट पो हे मंदिर (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) चालण्याच्या अंतरावर आहे. 46 मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती पाहताना तिच्या पाठीमागच्या बाजूस ओळीने मांडलेल्या 108 पात्रांत लोक नाणी टाकत जातात, त्याचा एकसारखा किणकिणाट सगळ्या दालनात भरलेला असतो. तो मला मूर्तीइतकाच आठवतो. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. मावळतीच्या सुमारास था तियेन धक्क्यावर यावे आणि नदीच्या समोरच्या तीरावरील वाट अरुण मंदिर पाहावे. मोजक्या बाटांत (थाई चलनात) पलीकडे नेणारी होडीही तेथूनच सुटते.

रस्त्यात कोणी अतिशय सौजन्याने “आज मंदिर बंद आहे, मी दुसरीकडे नेतो” असे सांगू लागला, तर त्याच्या टुकटुकमध्ये, म्हणजे तिथल्या रिक्षात, बसू नका. हा फार जुना डाव आहे आणि त्याचा शेवट रत्नांच्या दुकानात होतो. एकट्या माणसाला तो अधिक वेळा अनुभवावा लागतो, कारण सोबत हात धरून ओढणारे कोणी नसते.

रात्रीची भीती याओवारात फारशी वाटणार नाही, कारण तेथे उशिरापर्यंत पदपथावर पाय ठेवायला जागा नसते. ठेल्यांवर एकटे जेवणारे पुष्कळ दिसतात. शाकाहारासाठी मात्र ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पाटीवर तो लाल थाई अक्षरांत लिहिलेला असतो आणि त्या जेवणात मांस, मासळीचा रस, अंडी, इतकेच काय, कांदा-लसूणही नसतो. केवळ ‘भाज्यांचे’ म्हणून मागितल्यास मासळीचा रस हमखास येतो. बरेच ठेले सोमवारी बंद असतात, तेव्हा वार पाहून ठेवा.

ट्रामवेडा
हाँगकाँगसाठी हिशेब उलटा, म्हणजे सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजावा. संध्याकाळी साडेचारला विमानतळावर परत यायचे ठरवले तर हाती साधारण आठ तास राहतात. भारतीय पासपोर्ट असल्यास विमानतळाबाहेर पडण्यासाठीची विनामूल्य ऑनलाइन पूर्वनोंदणी घरूनच करून ठेवावी. हातातली बॅग विमानतळावरील सामानघरात द्यावी, ऑक्टोपस कार्ड (आधी पैसे भरून प्रवासात वापरायचे कार्ड) घ्यावे आणि एअरपोर्ट एक्सप्रेस या गाडीने 24 मिनिटांत सेंट्रल या शहराच्या मध्यवर्ती भागात यावे.

आधी स्टार फेरी या बोटीने बंदरापलीकडच्या चिम शा चुईला जाऊन परत या. 1888 पासून चालत आलेली ही फेरी माझ्या मते शहरातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगली सहल आहे. मिड-लेव्हल्स या डोंगरउतारावरच्या वस्तीकडे जाणारे रस्त्यावरचे सरकते जिने सकाळी कामावर निघालेल्या लोकांसाठी खाली चालतात आणि दहाच्या सुमारास दिशा बदलून वर जाऊ लागतात, म्हणून फेरी आधी आणि जिने नंतर. जिन्यांवरून हॉलिवूड रोडला उतरून मान मो मंदिरातील छतापासून लटकणारी उदबत्तीची वेटोळी पाहा आणि उतारावरून खाली येऊन ट्राम पकडा. ट्राममध्ये मागून चढायचे, वरच्या मजल्यावर बसायचे आणि पैसे पुढून उतरताना द्यायचे. जेवणासाठी चा चान तेंग या साध्या उपाहारगृहांत गेलात तर एकटेपणाचा प्रश्नच उरत नाही, कारण गर्दीच्या वेळी अनोळखी माणसांना एकाच टेबलावर बसवतात आणि कोणी वर मान करून पाहतही नाही.

डोंगरकडा
वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. रात्रीच्या प्रवासानंतर सकाळी 7 वाजता उतरलेल्या माणसाला गर्दीत कशाला लोटायचे? विमानतळ ज्या लांताऊ बेटाला लागून आहे तेथेच तुंग चुंगहून न्गोंग पिंगपर्यंत 5.7 किलोमीटरचा रोपवे जातो. वर 34 मीटर उंचीची कांस्य बुद्धमूर्ती आहे, 268 पायऱ्या आहेत, आणि पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळते.

ट्रामवेडा
मठातल्या जेवणाबद्दल वाद नाही. मात्र जोराचा वारा असला किंवा देखभालीचे काम निघाले की रोपवे बंद राहतो, हे आदल्या दिवशी पाहून घ्यावे. शिवाय मूळ प्रश्न गजबजलेल्या शहरांचा होता असे मी समजलो.

फिरस्ती
सर्वांचे मनापासून आभार. बँकॉकसाठी याओवारात खोली घेते आणि राजवाडा सोडून देते. हाँगकाँगला फेरी आणि ट्राम. झोप झाली नसेल तर लांताऊ. एक शंका राहिली: मोठी बॅग थेट तोक्योपर्यंत पाठवावी की बँकॉकला काढून घ्यावी?

नावाडी
दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील तर प्रथम हे विचारा, की रात्रभराच्या थांब्यात कंपनी बॅग पुढे नेते का. काही कंपन्या नेत नाहीत. नेत असल्यास पाठवून द्या आणि एका रात्रीचे कपडे व औषधे पाठीवरच्या पिशवीत ठेवा. एकट्या प्रवाशाला मोठी बॅग कोणावर सोपवून साधे स्वच्छतागृहातही जाता येत नाही, हे निघण्यापूर्वी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तिकिटे वेगळी असतील तर बॅग बाहेर घ्यावीच लागेल आणि दुसरे विमान सुवर्णभूमीवरूनच सुटते की बँकॉकच्या दुसऱ्या विमानतळावरून, डॉन मुआंगवरून, हेही तपासा. थायलंडचे डिजिटल आगमनपत्र पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरावे लागते. आणि हॉटेलचा पत्ता थाई लिपीत कागदावर लिहून घ्या. नकाशा, तिकीट आणि पैसे असे सगळेच एका फोनमध्ये असताना तो बंद पडला, तर उसना मागायला शेजारी कोणी नसते.