प्रतिसाद: कथा आहे पण सर्चला सापडत नाही

वर विचारलंय की कथा चढवून पण वाचकाला सर्चमध्ये का मिळत नाही, तर आमचं पण सेम झालेलं. आम्ही बेळगावात दोघं-तिघं मिळून जुन्या मराठी कथांचा ऑनलाइन संग्रह चालवतो, आणि अर्धा घोळ अनुस्वाराचा निघाला की! १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छापील कथांत 'घरांत', 'त्यांत' असं असतं, वाचक टाइप करणार 'घरात', मग सर्च म्हणतंय काही नाही. मूळ मजकुराला हात लावायचा नाही, खाली नवं स्पेलिंग टॅगमध्ये टाकायचं. गावाचं पण तसंच, बेळगांव, बेळगाव, बेळगावी तिन्ही टाका.

आणि वाचकाला नाव कुठं आठवतंय हो? खानापूरच्या एका मावशींचा व्हॉइस मेसेज आला, "ती बाई म्हैस विकते आणि रात्री रिकाम्या दावणीपाशी बसते बघ, ती गोष्ट पाहिजे." आता हे लेखकाच्या यादीत कसं शोधणार! तेव्हापासून प्रत्येक कथेखाली दोन ओळी, कोण, कुठं, काय होतं. कंटाळवाणं काम आहे पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच.

बाकी कॉपीराइट बघूनच चढवा, लेखक गेल्यावर ६० वर्षं असतो.