रबरी मॅट चिकटवण्यापूर्वी
तळमजल्यावरील व्यायामाच्या खोलीत रबरी मॅट सरळ कोब्यावर चिकटवून टाकाव्यात, असे काहीजण सुचवतात; ही सूचना मला घाईची वाटते. कोकणासारख्या दमट भागात जमिनीतून ओल वर येते. म्हणून फूटभर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवावा आणि त्याखाली पाणी सुटलेले दिसल्यास आधी ओलीचा बंदोबस्त करावा. शिवाय जाड मॅट न चिकटवताही स्वतःच्या वजनानेच जागेवर राहतात. मात्र उष्णतेने रबर प्रसरण पावते, त्यामुळे भिंतीलगत ५-६ मिलिमीटर फट सोडावी. कापताना पोलादी पट्टी धरून नव्या पात्याने ३-४ हलक्या फेऱ्या माराव्यात. एका दमात कापण्याच्या नादात माझी एक कड कायमची वाकडी झाली आहे. विनाइलच्या फरशीवर काळे रबर थेट ठेवल्यास पडणारे पिवळट डाग सहसा निघत नाहीत.