आयर्लंडमधली जुनी चर्चं प्रोटेस्टंटांची आणि कॅथलिकांची मात्र नवी, असं का?

लिफीकाठचा: डब्लिनमध्ये राहतो. इथे बहुतेक लोक कॅथलिक, पण शहरातली दोन्ही मध्ययुगीन कॅथीड्रल, क्राइस्ट चर्च आणि सेंट पॅट्रिक्स, चर्च ऑफ आयर्लंडची म्हणजे प्रोटेस्टंटांची. कॅथलिकांचं सेंट मेरीज मात्र मेन रोड सोडून मार्लबरो स्ट्रीटला, तेही १८२५ चं. गावाकडेही तेच, जुनं दगडी चर्च एकतर प्रोटेस्टंटांचं नाहीतर पडकं. असं कसं झालं, कोणी नीट सांगेल का?

वसईकर_सॅबी: मुळात ती सगळी कॅथलिकच होती हो. आठव्या हेन्रीने १५३० च्या दशकात पोपशी संबंध तोडले आणि पुढे धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) इमारती, जमिनी, उत्पन्न सगळं सरकारी चर्चकडे, म्हणजे चर्च ऑफ आयर्लंडकडे गेलं, लोक मात्र गेलेच नाहीत. मग १६९५ पासून पीनल लॉज, म्हणजे कॅथलिकांवर निर्बंध घालणारे कायदे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, कुठे करायची तर रानात एखाद्या खडकावर, त्याला तिकडे मास रॉक म्हणतात आणि आजही दाखवतात, नाहीतर गवताने शाकारलेल्या खोपटात. आणि मला सगळ्यात संताप येतो तो टाइदचा, म्हणजे ज्या चर्चची पायरी कधी चढायची नाही त्याच्या पाद्र्यासाठी गरीब कॅथलिक शेतकऱ्याने पिकातला वाटा द्यायचा. त्या चर्चचा सरकारी दर्जा गेला तो थेट १८७१ मध्ये.

मृण्मयी_कॉर्क: कायदे सैल झाले तरी अटी होत्याच. १७८२ च्या कायद्याने पाद्र्यांना सूट दिली, पण चर्चला मनोरा किंवा घंटा असेल तर ती सूट नाही! म्हणून त्या काळची चर्चं बाहेरून अगदी धान्याच्या कोठारासारखी दिसतात. बरीचशी टी आकाराची, लांब भिंतीच्या मधोमध वेदी आणि तिन्ही बाजूंना माणसं, कमी खर्चात जास्त लोक मावावेत म्हणून. १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटात बसता यायला लागलं आणि मग उंच मनोऱ्यांची लाटच आली. आर्माच्या कॅथीड्रलचा पाया १८४० चा, मध्ये दुष्काळ पडला, काम थांबलं, उपासनेसाठी खुलं व्हायला १८७३ उजाडलं. लोकांच्या पै-पैच्या वर्गणीतून उभी राहिलेली आहेत ही, त्यामुळे नवी म्हणून कमी समजू नका प्लीज.

लिफीकाठचा: खूप छान सांगितलंत दोघांनी, आभार. या जुन्या धर्मग्रामांच्या नोंदी कुठे मिळतात का? ऑफिसमधला एक आयरिश मित्र पणजोबांची शोधतोय.

दप्तरखाना: मित्र कॅथलिक असेल तर चान्स चांगला आहे. १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तर जळालं त्यात चर्च ऑफ आयर्लंडची ढीगभर रजिस्टरं गेली, कॅथलिकांची धर्मग्रामातच राहिली होती म्हणून वाचली. नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये ती फुकट ऑनलाइन टाकलीत, साधारण १८८० पर्यंतची. फक्त गावाचं नाव पुरत नाही, धर्मग्राम कोणता ते आधी काढायला सांगा, आणि नावं बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात, जेम्स शोधताना जाकोबुस बघायचं.